स्मरण: रविवारची बैठक, ॲना ओटेनडॉर्फर

सभासदहो, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी चरित्रवाचन आहे. या वेळी ॲना ओटेनडॉर्फर, जन्म १८१५, जर्मनीतलं व्युर्झबर्ग. न्यूयॉर्कला आल्यावर पहिले पती याकोब ऊल यांच्यासोबत छापखाना सांभाळत त्यांनी ‘श्टाट्स-त्साइटुंग’ हे जर्मन वृत्तपत्र घेतलं. १८५२मध्ये याकोब वारले. पदरी सहा मुलं. तरी बाईंनी वृत्तपत्र विकलं नाही, सगळा कारभार स्वतः पाहिला. १८५९च्या दुसऱ्या लग्नापर्यंतची ही वर्षं मला त्यांच्या दानधर्माहूनही मोलाची वाटतात, म्हणून जास्त वेळ त्यांनाच ठेवला आहे. न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यूवरचं त्यांच्या देणगीतलं ग्रंथालय १८८४पासूनचं आहे. उतारे वाचून या. येणार नसाल तर शनिवारपर्यंत कळवा.