तू वाय दाबलास तेव्हाचं

ऐरोली,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

चार महिने तुझ्या एकाही फोनला उत्तर दिलं नाही. रागावला असशील तर तुझं बरोबरच आहे. आईचा गुडघा ठीक, माझी शुगर जागेवर. आता मूळ गोष्ट. ती इथे कुणाला सांगितली तर "मग टाक ना पुन्हा ते पॅकेज" एवढंच ऐकायला मिळतं.

तुर्भ्याच्या एका गोदामात आमचे छोटे संगणक बसवलेत. बोर्ड ६४ बिटी आर्मचा, पण स्कॅनिंगचा प्रोग्रॅम जुना, ३२ बिटी. म्हणून त्यावरच्या डेबियन लिनक्सला आर्म-एचएफ, म्हणजे ३२ बिटी आर्म, हे दुसरं आर्किटेक्चर (प्रोसेसरची जात) जोडून दिलेलं. मंगळवारी रात्री अपडेट गेलं, बुधवारी पहाटे पाचला फोन आला की स्क्रीनवर काहीच नाही. मी पोचलो तेव्हा दारात टेम्पोंची रांग, आणि तिथले मुकादम खोक्याच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने एकेक नग लिहून घेत होते. तीन रकाने आखलेले, अक्षर सुरेख. मला म्हणाले, "साहेब, आधी चहा घ्या." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं रे.

अपडेटने प्रोग्रॅमच काढून टाकला होता, आणि तोही नियमाप्रमाणे! प्रोग्रॅमला लागणारं सेटिंगचं पॅकेज आधी प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळं बांधलं जायचं. आत नुसत्या शेल स्क्रिप्ट आहेत म्हणून नव्या आवृत्तीत ते 'ऑल' केलं. ऑल म्हणजे सगळ्यांना चालणारं, असं आपण धरून चालतो. पण डिपेंडन्सी, म्हणजे कोणत्या पॅकेजला कोणतं लागतं ते, जुळवताना ऑलला यंत्राच्या मूळ आर्किटेक्चरचं मानतात. आमच्या बोर्डावर ते आर्म६४ चं ठरलं, आणि ३२ बिटी प्रोग्रॅमची गरज त्याने भागेना. त्यावर 'मल्टि-आर्क: फॉरेन' ही खूण, म्हणजे दुसऱ्या आर्किटेक्चरची गरजही भागवायची मुभा, असती तर भागली असती. ६४ बिटी बाजूच्या दुसऱ्या एका पॅकेजला नवीच आवृत्ती हवी होती. मग जुनी गेली, आणि तिच्यामागून प्रोग्रॅमही गेला. जुनी आवृत्ती हाताने परत टाकून सकाळ निभावली.

चाचणी मीच केली होती, बंड्या. हिरवी आली होती, कारण टेबलावरचा जुना बोर्ड मुळातच ३२ बिटी. तिथे ऑल म्हणजे आर्म-एचएफच.

ट्रेनमध्ये बसलो आणि नौपाड्याची खोली आठवली. २०१३ चा मे, डेबियनचं व्हीझी नुकतंच आलेलं. तू ३२ बिटी लायब्ररी टाकायला गेलास आणि अर्धा डेस्कटॉप उडाला. तलावपाळीवर चारचौघांत मी तुला "यादी न वाचता 'हो'चा वाय दाबतोस" म्हणून झापलं. पंधरा दिवस अबोला. शेवटी लंबूने मिसळ खाऊ घालून मिटवलं, आणि रागावलेल्या माणसाने तीन प्लेट खाल्ल्या, हे मी विसरलेलो नाही.

गुरुवारी रात्री इक्विव्ह्ज या साधनाने रिकामी पॅकेजं बनवून मी नौपाड्याचं ते सगळं पुन्हा उभं केलं. मल्टि-आर्कचीच 'सेम' खूण असलेली लायब्ररी दोन आर्किटेक्चरसाठी एकदम ठेवायची तर दोन्हींची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. तुझ्या त्या मशीनवरची एएमडी६४ ची, म्हणजे ६४ बिटी, लायब्ररी डेबियनच्या अजून पक्क्या न झालेल्या टेस्टिंगमधून ओढली होती, आणि ओढणारा मी होतो. तू मागितलीस ती आय३८६ ची, म्हणजे ३२ बिटी, पक्क्या स्टेबलमधली. आवृत्त्या जुळेनात. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे खरं काही न बदलता केलेल्या तालमीत, काढायच्या पॅकेजांची तशीच लांब यादी आली. चूक माझी होती. इतक्या वर्षांनी लिहितोय, माफ कर.

आता खरी काळजी. वरचे म्हणतात, सगळ्या ऑल पॅकेजांवर फॉरेनची खूण मारा आणि मोकळे व्हा. पण हे सेटिंगचं पॅकेज पुढे बारकोडच्या प्लगइनवर अवलंबून आहे. फॉरेन मारलं की तिथून साखळी ६४ बिटींकडे वळते. प्लगइन आर्म६४ चं बसतं, इन्स्टॉल बिनतक्रार होतं, आणि ३२ बिटी प्रोग्रॅम सुरू होताना आपल्या फोल्डरात प्लगइन शोधतो, तर तिथे काहीच नाही. आत्ता निदान लॉगमध्ये 'रिमूव्ह्ड' असं लिहून येतं. तेव्हा तेही येणार नाही, आणि मुकादम पुन्हा पुठ्ठा शोधतील. माझं म्हणणं असं की प्लगइन प्रोग्रॅमला लागतं, तर ते प्रोग्रॅमनेच आपल्या डिपेंडन्सीत सांगावं, आणि मगच खूण मारावी. तशी मांडणी करून दोन्ही बोर्डांवर चालवली. काही उडालं नाही, आर्म-एचएफचं प्लगइन आलं. तरी एकदा हिरवं बघून फसलोय, त्यामुळे मन मानत नाही.

वहिनींची नाशिकला बदली झाली का? चिमीचा पुढचा दात आला? फोटो पाठव. दिवाळीला ठाण्यात येणार असशील तर आधी कळव.

उद्या अकराला मीटिंग आहे. चाचणी चुकीच्या बोर्डावर केली हे मीच आधी सांगणार आहे. सोबत पॅकेजांच्या कंट्रोल फायली, म्हणजे डिपेंडन्सी आणि खुणा लिहिलेल्या, पाठवतोय. मल्टि-आर्कच्या 'अलाउड' खुणेचं अजून तपासलेलं नाही. अशा जागा तुलाच आधी दिसतात. दहापर्यंत बघून दोन ओळी लिही.

तुझा,
पद्या