मागचं डावं चाक

नागपूर
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन रोज होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर दोन मिनिटं झाली की बाबा "घे, तुझ्या आईशी बोल" म्हणून सुटका करून घेतात. आणि आईला एक वाक्य सांगितलं की पुढची तीन ती स्वतःच्या मनाने रचते आणि डोळ्याला पदर लावते. म्हणून लिहितोय. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नको.

आधी लपवलेलं सांगतो. मे महिन्यात, नवतपा लागायच्या आधी, आम्ही काटोलहून रात्री परत निघालो होतो. पोचायला उशीर झाला, तुम्ही दोघं जागेच होता. मी फोनवर पंक्चर झालं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "कोणतं चाक?" मी म्हटलं, मागचं डावं. बाबा, पंक्चर झालंच नव्हतं. कळमेश्वर सोडलं आणि फेटरीच्या अलीकडे मला डुलकी लागली. किती वेळ, ते मलाही माहीत नाही. गाडी डांबर सोडून मुरमात उतरली, त्या खडखडाटाने डोळे उघडले. समोर बाभूळ, हाताच्या अंतरावर. मागच्या सीटवर तुमची सून आणि नात गाढ झोपलेल्या. पोरीने डोळे चोळत विचारलं, "आलं का घर?" मी गाडी बंद करून अर्धा तास तिथंच बसून राहिलो. तो उशीर त्याचा.

जागरण नव्हतं, पिणं तर नाहीच. आदल्या रात्री चांगला आठ तास झोपलो होतो. तेच तर कळेना. मग धंतोलीत एका डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी एक रात्र डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून झोपवलं. सकाळी रिपोर्ट आला: झोपेत तासाला 38 वेळा श्वास अडतो. पाचाच्या आत असेल तर ठीक, 30 च्या वर गेला की तीव्र. रक्तातला ऑक्सिजन मध्येच 79 टक्क्यांवर उतरत होता. याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

बाबा, तुम्हाला मोटारीच्या भाषेत सांगतो. विहिरीतून पाणी ओढायला नरम पाइप लावला तर तो ओढीने चिपकतो आणि मोटार नुसती बोंबलत राहते. म्हणून सक्शनला कडक पाइप लागतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की माझा पाइप चिपकतो. दहा सेकंद, वीस सेकंद श्वास बंद. मग मेंदू घाबरून अर्धवट जागा करतो, पाइप उघडतो, घोरण्याचा एक धडाका होतो आणि पुन्हा तेच. सकाळी यातलं काही आठवत नाही. आठ तास अंथरुणात पडलेलो असतो, त्याला झोप म्हणायचं फक्त.

उपाय म्हणजे सीपॅप. छोटं यंत्र, नळी आणि मास्क. ऑक्सिजनचं यंत्र नाही हे, आई, सिलिंडर वगैरे काही नाही. खोलीतलीच हवा ते हलक्या दाबाने घशात ढकलत राहतं, म्हणजे पाइप चिपकत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी 1981 साली हे जगापुढे मांडलं. त्याआधी फार वाढलेल्या पेशंटच्या गळ्याला भोक पाडायचे. तेव्हा मास्कबद्दल तक्रार करायला मला फारसं तोंड नाही. तरी केली, भरपूर केली.

यंत्र जुलैत आलं. दुकानाचा माणूस घरी येऊन दहा मिनिटांत जोडून गेला. मला सोफ्यावर बसवून मास्क चढवला, पट्टे आवळले, "हो गया सर" म्हणाला. पहिल्याच रात्री जीव गुदमरला. वाटलं, हवा जास्त येतेय म्हणून. होतं उलटंच. यंत्र 4 ते 20 वर सोडलेलं, म्हणजे कारखान्यातून येतं तसंच. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. 4 म्हणजे माझ्यासारख्या धिप्पाड माणसाला फुंकरसुद्धा नाही. त्यात रॅम्प नावाचं एक बटण असतं, झोप लागेपर्यंत दाब हळूहळू वाढवणारं, ते 45 मिनिटांवर. मी पाचव्या मिनिटाला झोपतो. म्हणजे पुढची चाळीस मिनिटं अर्ध्या दाबावर घसा आपला चिपकतोय.

त्यात गळती. मास्क बाजूने फुसफुसायचा, हवा थेट डोळ्यात. मी पट्टा आवळायचा, तो आणखी फुसफुसायचा, मी आणखी आवळायचो. सिलिकॉनची ती गादी हवेने फुगून चेहऱ्यावर बसावी लागते; करकचून बांधली तर चुरगळते आणि जास्तच सांडते. हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर नाकाच्या हाडावर लाल चट्टा आला होता आणि ऑफिसात प्रत्येक जण विचारत होता, "काहून भाऊ, कोणी मारलं का?" रात्री तोंडाला खोबरेल तेल चोपडायची माझी सवय आईची. त्या तेलावर मास्क साबणाच्या वडीसारखा घसरायचा.

आता मिशीचं. गणपतीत व्हिडिओ कॉलवर बाबांनी माझं सपाट तोंड बघितलं आणि म्हणाले, "बाप जिता हाये ना अजून!" आणि फोन ठेवला. चार दिवस बोलले नाहीत. बाबा, मिशीमुळे मास्क नीट बसत नाही असं मला कोणीतरी सांगितलं होतं. खरंही आहे ते, बऱ्याच जणांचं मिशी-दाढीमुळे बिनसतं. मी पोळ्याच्या आदल्या रात्री वस्तरा फिरवला. आणि गळती होती तेवढीच राहिली. मिशी फुकट गेली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला इतवारीत गेलो होतो. सगळी पोरं खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडत होती. तुमची नात माझ्या खांद्यावरून ओरडली, "बाबाचं घोरणं घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूचे हसले. मीही हसलो, पण त्या गोंगाटात, ढोलताशात, उभ्या उभ्या मला पेंग येत होती. यंत्र लावून दीड महिना झाला होता.

आणि गंमत अशी की यंत्राच्या पडद्यावर रोज सकाळी हिरवी खूण. एएचआय, म्हणजे तासाला किती अडथळे, तो आकडा 4.2. पास! मी मनाशी म्हटलं, यंत्र ठीक आहे, आपणच आळशी. चहा वाढवला. एकदा तर यंत्र खोक्यात घालून दिवाणात टाकलं.

चोर तुमच्या सुनेने पकडला. ती पहाटे पाणी प्यायला उठली तर मास्क गादीखाली लोंबकळतोय आणि मी पूर्वीसारखा गर्जतोय. तिने तीन रात्री गजर लावून बघितलं. रोज तीनच्या सुमारास मी झोपेतच मास्क काढून फेकत होतो. सकाळी मला पत्ता नाही.

मॅडमनी यंत्रातलं कार्ड काढून संगणकाला लावलं आणि रात्रीचा आलेख दाखवला. 4.2 हा आकडा फक्त मास्क तोंडावर होता त्या साडेतीन तासांचा. पुढचे चार तास यंत्राच्या लेखी मी झोपलोच नव्हतो. आणि स्वप्नं पडतात ती झोप पहाटेकडे जास्त असते. तेव्हा अंगातले स्नायू सर्वांत ढिले, म्हणून श्वासही तेव्हाच जास्त अडतो. म्हणजे राखणदार ठेवला, पण पगार संध्याकाळच्या पाळीचा. डुकरं येतात पहाटे.

मग मास्क का काढतो हे शोधायला लागलो, आणि इथे मला मॅडमचं कौतुक वाटलं. त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली. मी घाईत सगळं एकदम फिरवायला निघालो होतो, तर म्हणाल्या, मग कशाने बरं वाटलं ते कळणार कसं? आधी विचारलं, उठल्यावर तोंड कसं असतं? म्हटलं, वाळवंट. आलेखात गळतीची रेघ दोननंतर उभी चढलेली. मास्कला मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रं असतात, उच्छ्वास बाहेर जायला, ती कधी बुजवायची नाहीत. पण ती हवा सोडून माझ्या यंत्रात मिनिटाला 24 लिटरच्या वर सांडली की हिशेब बिघडतो. माझी पन्नासच्या पुढे. नाक बंद, म्हणून तोंड उघडं. तोंड उघडलं की जबडा खाली येतो, मास्कच्या कडेने हवा सुटते, यंत्र बिचारं दाब वाढवतं, दाब वाढला की आणखी सुटते, काही पोटात जाते. पहाटे पोट नगाऱ्यासारखं का होतं ते तेव्हा कळलं. मी तुमच्या सुनेच्या वांग्याच्या भाजीला दोष देत होतो, त्याबद्दल तिची माफी मागून झाली आहे.

तेव्हा मूळ दुखणं निघालं डावी नाकपुडी. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, एक स्प्रे, आणि यंत्राच्या पाण्याच्या भांड्याची ऊब वाढवली. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि रोज सकाळी ओतून द्यायचं. नाक मोकळं झाल्यावर तो तोंड झाकणारा मोठा मास्क गेला, नुसता नाकावर बसणारा छोटा आला. तो आडवं झोपून, यंत्र चालू ठेवून बसवला, कारण झोपल्यावर गाल सरकतात; सोफ्यावरचं माप पलंगावर चालत नाही. खालचा दाब 4 वरून 7 केला, वरचा 12 ला थांबवला. रॅम्प दहा मिनिटं. हे आकडे माझे आहेत, दुसऱ्या कोणाला लावायचे नाहीत. आणि संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचं, जागेपणी सवय व्हावी म्हणून. पोरगी मला हत्ती म्हणते.

एकदम चमत्कार झाला नाही. दसऱ्यापर्यंत आठवड्यातून दोनदा मास्क खाली असायचाच. आता साडेसहा-सात तास टिकतो, आकडा दोन-तीनच्या आसपास. दुपारी ऑफिसात जेवल्यावर जाग राहते, हे मला इतकं नवीन आहे की पहिले काही दिवस काय करावं सुचेना. आता थंडीत नवीनच: परवा रात्री नाकात थेंब पडला आणि नळीत हुक्क्यासारखी गुडगुड. खोली गार, नळीतली हवा ओली, मग पाणी धरणारच. नळी पांघरुणात घेतली, यंत्र पाटावर खाली ठेवलं, थांबलं. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे.

आता बाबा, इथपर्यंत आईने वाचलं असेल तर ती तुमच्याकडे बघत असेल.

आई बाहेरच्या खोलीत झोपायला लागली त्याला वीस वर्षं होत आली. तुमचं घोरणं मध्येच थांबतं आणि मग एकदम हिसका बसतो, हे मी लहानपणी अंगणात बाजेवर पडून ऐकलं आहे. तेव्हा मी आकडे मोजायचो, कधी पुन्हा सुरू होतं म्हणून. खेळ होता माझा तो. रात्री चार वेळा उठता, ते तुम्ही वयावर आणि प्रोस्टेटवर ढकलता. असेलही. पण श्वास अडून छातीवर ताण आला की शरीर लघवी जास्त बनवतं. माझं रात्रीचं उठणं मास्क टिकल्यावर तीनवरून शून्यावर आलं. बीपीची गोळी एकाची तीन झाली तरी वरचा आकडा दीडशेखाली येत नाही. पेपर वाचता वाचता मान पडते, त्याला आपण सगळे "बाबांना बसल्या जागी झोप लागते, नशीबवान" म्हणतो. मलाही तसंच म्हणायचे.

फक्त तपासणी करू. आता घरच्या घरी एका रात्रीची तपासणी होते, बोटाला एक क्लिप, छातीला पट्टा, नाकाखाली नळी. काही निघालं नाही तर मी बाबांसमोर कान धरीन. निघालं तर यंत्राचे सगळे खाचखळगे माझ्या पायाखालून गेलेले आहेत, सहा आठवडे तुमचे वाया जाणार नाहीत. तोवर पाठीवर न झोपता कुशीवर झोपा. आणि ती झोपेची अर्धी गोळी डॉक्टरांना विचारून बंद करा, त्याने घसा आणखी ढिला पडतो.

आई, तू हसू नको. "रात्री झोप लागत नाही, दिवसभर अंग गळून जातं" हे तू दहा वर्षं म्हणते आहेस, आणि बायकांचं हे दुखणं बरेचदा घोरण्याऐवजी असंच दिसतं. तुझीही तपासणी त्याच वेळी.

अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड संपली असेल तर येत्या रविवारी न्यायला येतो. दिवसा येतो, गाडी मीच चालवणार आहे, शेजारी तुमची सून जागी बसणार आहे. फेटरीजवळची ती बाभूळ बाबांना दाखवतो.

मिशी निम्मी आली आहे. नवीन मास्कला तिची अडचण होत नाही.

तुमचा
मोठा

ता. क. गाडीचं मागचं डावं चाक बाबांनी उतरवून तपासू नये. ते चांगलं आहे.