ड्रॉइंग अडलं तर आधी फाइल तपासा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्याच्या पुरवणीत घराचे आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर लेख होता. लेख चांगला होता, पण शेवटी ‘अडचण आल्यास’ अशी चौकट होती आणि तिच्यात तीनच उपाय होते: सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, रॅम वाढवा, तरीही जमलं नाही तर नवा संगणक घ्या. ती चौकट वाचून राहवलं नाही. मी अठरा वर्षं ड्राफ्टिंग, म्हणजे आराखडे काढण्याचं काम, करते. दिवसाचे आठ-नऊ तास ऑटोकॅडसमोर जातात, अधूनमधून स्केचअप आणि रेव्हिट. इतक्या वर्षांत लोकांनी माझ्याकडे आणलेल्या बहुतेक अडचणी सॉफ्टवेअरमध्ये नव्हत्याच, ड्रॉइंगमध्ये होत्या. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं त्या चौकटीचं झालं आहे.

काहीही अडलं की पहिल्यांदा एक कोरी फाइल उघडावी आणि तिच्यात दोन रेषा मारून बघाव्यात. तिथेही तोच त्रास होत असेल तर खोट प्रोग्रॅममध्ये, त्याच्या सेटिंगमध्ये किंवा संगणकात. कोऱ्या फाइलमध्ये सगळं सुरळीत चालत असेल तर खोट तुमच्या ड्रॉइंगमध्ये आहे आणि सॉफ्टवेअर दहा वेळा टाकलं तरी ती जाणार नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण घाबरलेल्या माणसाला नेमकं हेच सुचत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो युनिटचा. एका सहकाऱ्याने पाठवलेला प्लॅन मी माझ्या ड्रॉइंगमध्ये घेतला तर अख्खं घर एका खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. तो म्हणाला, फाइल करप्ट झाली. मी मुख्य दरवाजा मोजला. तो ९०० हवा होता, माप आलं ३५.४३. ९०० ला ३५.४३ ने भागलं की २५.४ येतात, म्हणजे एका इंचाचे मिलिमीटर. प्लॅन इंचात काढला होता, माझं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये होतं, बाकी काही बिघडलं नव्हतं. आकार पटीत बदलणाऱ्या स्केल कमांडला २५.४ हा आकडा दिला आणि घर जागेवर आलं. म्हणून आकार चुकला की आधी माहीत असलेलं एक माप घ्यावं, दरवाजा किंवा भिंतीची जाडी, आणि भागाकार करावा. २५.४ आले तर इंच, ३०४.८ आले तर फूट, १००० आले तर मीटर.

इथे हमखास होणारी एक चूक सांगते. लोक ‘युनिट्स’च्या खिडकीत जाऊन इंचाचं मिलिमीटर करतात आणि वाट बघतात. त्याने ड्रॉइंगचा आकार बदलत नाही. ऑटोकॅड आत फक्त आकडे साठवतं, ते इंच आहेत की मीटर हे आपण चिकटवलेलं लेबल. ते लेबल पुढे ब्लॉक (दरवाजा, सोफा असा एकत्र बांधलेला तयार आकार) किंवा दुसरी फाइल आत घेताना उपयोगी पडतं, काढून झालेल्या रेषांवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे लेबल कामाच्या सुरुवातीलाच बरोबर लावलेलं असावं.

दुसरा त्रास हॅचचा, म्हणजे बंद आकारात भरायच्या रेषांच्या नक्षीचा. भिंतीत हॅच भरायला गेलं की ‘बंद सीमा सापडली नाही’ असा संदेश येतो आणि डोळ्यांना तर भिंत चारही बाजूंनी बंद दिसते. अशा एका प्लॅनवर मागच्याच महिन्यात मी बसले होते. एकेक कोपरा झूम करत गेले. तीन कोपरे चोख होते. चौथ्यात रेषा भेटल्यासारख्या दिसत होत्या, पण आणखी आत, आणखी आत गेल्यावर दोन टोकांमध्ये फट निघाली, ०.४ मिलिमीटरची. ऑस्नॅप (रेषेचं टोक नेमकं पकडणारी सोय) बंद ठेवून अंदाजाने रेषा ओढली की असंच होतं. दोन रेषांचा कोपरा करणारी फिलेट कमांड त्रिज्या शून्य ठेवून दोन्ही रेषांवर मारली की कोपरा जुळतो. हॅचच्या सेटिंगमध्ये ‘गॅप टॉलरन्स’ वाढवूनही वेळ मारून नेता येते, पण ती फट तशीच राहते आणि पुढे क्षेत्रफळ काढताना पुन्हा आडवी येते. मी तरी कोपराच जुळवते. झूम करूनही फट सापडली नाही तर रेषा निवडून प्रॉपर्टीजमध्ये तिच्या टोकांचा झेड आकडा बघावा. वरून भेटलेली दिसणारी रेषा कधी कधी उंचीत वेगळ्या पातळीवर असते. सगळे झेड शून्य केले की हॅच भरतं.

आता सेटिंगचं. एके दिवशी फाइल उघडायला कंट्रोल ओ दाबावं तर नेहमीची खिडकीच येत नाही, खाली कमांडच्या ओळीत फाइलचं नाव विचारलं जातं. याच कारणासाठी अख्खं सॉफ्टवेअर काढून टाकलेले लोक मी पाहिले आहेत. कमांडच्या ओळीत ‘फाइलडिया’ टाइप करून १ दिलं की संपलं. एखादं लिस्प किंवा स्क्रिप्ट (आपोआप कमांड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) मध्येच बंद पडलं की ते शून्यावर राहून जातं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकूनसुद्धा असली सेटिंग्ज संगणकात तशीच उरू शकतात, म्हणून तो खटाटोप वाया जातो. तसंच एक वस्तू निवडल्यावर दुसरी निवडली की पहिली सुटत असेल तर ‘पिकअ‍ॅड’ २ करावं. प्लॅन मिरर (आरशातल्यासारखा उलटा) केल्यावर खोल्यांची नावं उलटी दिसत असतील तर ‘मिरटेक्स्ट’ (MIRRTEXT) शून्य करून पुन्हा मिरर करावं.

स्क्रीनवर दिसतं आणि कागदावर येत नाही, ही तक्रार असेल तर रेषा कोणत्या लेअरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या कोणत्या थरावर, आहे ते बघा. ‘डेफपॉइंट्स’ नावाचा लेअर डायमेन्शन (माप) दिलं की आपोआप तयार होतो आणि तो कधीच छापला जात नाही. त्याच्यावर चुकून भिंती काढल्या की प्रिंटर बदलूनही त्या उमटणार नाहीत.

फाइल जड झाली, हलवताना अडकते, सेव्ह व्हायला वेळ लागतो, तेव्हा रॅमकडे बोट जातं. आधी ‘पर्ज’ मारा, म्हणजे न वापरलेले ब्लॉक, लेअर, लाइनटाइप निघून जातील. ‘ओव्हरकिल’ मारा, म्हणजे एकावर एक बसलेल्या रेषा जातील. दुसऱ्यांचे ब्लॉक घेत घेत वाढलेल्या फाइलमध्ये ‘रेगअ‍ॅप्स’ नावाचा कचराही असतो, तो डॅश लावून ‘-पर्ज’ मारल्यावर आर या पर्यायाने काढावा लागतो. सोफा, नळ, झाडं यांचे तयार ब्लॉक फार तपशिलाचे असतात. घराच्या प्लॅनमध्ये कागदावर नखाएवढ्या दिसणाऱ्या नळाला तीन हजार रेषा कशाला हव्यात?

याच गटातलं एक कारण मात्र लवकर लक्षात येत नाही. सर्व्हेवरून आलेला जमिनीचा प्लॉट खऱ्या भौगोलिक आकड्यांवर बसलेला असतो, म्हणजे शून्यबिंदूपासून लाखो मीटर लांब, आणि मिलिमीटरमध्ये काम केलं तर आकडे अब्जांत जातात. प्रोग्रॅम साधारण १५-१६ अंकांपर्यंतच अचूक हिशेब ठेवतो. सुरुवातीचे अंक त्या लांबीतच खर्च झाले की बारीक मापांना अंक उरत नाहीत. मग रेषा थरथरतात, हॅच विस्कटतं, स्केचअपमध्ये झूम केलं की मॉडेल मधूनच कापल्यासारखं दिसतं. घर नेहमी शून्याजवळ काढावं. सर्व्हे वेगळ्या फाइलमध्ये ठेवून एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून जोडावा आणि तो घराजवळ आणावा, घर त्याच्याकडे नेऊ नये.

थ्रीडी करणाऱ्या घरमालकांसाठीही थोडं लिहिते, कारण पुरवणी त्यांच्यासाठीच होती. स्केचअपमध्ये काही पृष्ठभाग पांढरे आणि काही निळसर राखाडी दिसत असतील तर राखाडी बाजू म्हणजे पृष्ठभागाची पाठ. ती बाहेर राहिली तर रेंडरिंगला (खऱ्यासारखं चित्र बनवताना) भिंत काळी पडते किंवा गायब होते. उजवी क्लिक करून पृष्ठभाग उलटवावा. फरशी किंवा भिंत चमचम करत असेल तर एकाच जागी दोन पृष्ठभाग आहेत, एक पुसावा किंवा दोन-तीन मिलिमीटर सरकवावा. स्वीट होम थ्रीडीमध्ये डबलक्लिक करून खोली भरली जात नसेल तर भिंतीचं कुठलंतरी टोक जुळलेलं नाही. रेव्हिटमध्ये वस्तू दिसेनाशी झाली तर ती पुन्हा काढू नका, खालच्या पट्टीतला दिव्याचा बटण दाबा. लपवलेली असेल तर वेगळ्या रंगात दिसते. तरीही दिसली नाही तर व्ह्यू रेंज (त्या दृश्यात किती उंचीपर्यंतचं दिसावं याची मर्यादा) तपासा, त्या मजल्याच्या छेदाच्या वर किंवा खाली गेलेली असते.

आणि आता ज्यासाठी मी मुळात पेन हातात घेतलं ते. सुरुवातीच्या वर्षांत तळमजल्यावरून पहिला मजला करायचा म्हणून मी तळमजल्याच्या फाइलमधल्या खोल्या पुसल्या आणि नव्या नावाने सेव्ह करायच्या ऐवजी सवयीने कंट्रोल एस दाबलं. फाइल बंद केली. चूक कळली तेव्हा घाबरून फाइल उघडली, काहीतरी हलवलं आणि पुन्हा सेव्ह केलं. त्या एका सेव्हने उरलेला आधारही गेला. ऑटोकॅड प्रत्येक सेव्हला आधीची आवृत्ती बॅक (.bak) फाइल म्हणून ठेवतं, पण एकच ठेवतं. पहिल्या सेव्हनंतर तिच्यात माझा तळमजला होता. दुसऱ्या सेव्हनंतर तिच्यातही नव्हता. दोन दिवस बसून मी तो प्लॅन पुन्हा काढला. फाइल बंद केली नसती तर नुसतं अनडू करून सगळं परत आलं असतं, कारण सेव्ह केल्यावरही अनडू चालतं. म्हणून अशी चूक झाली की फाइल बंद करू नये, अनडू करावं. बंद झालीच असेल तर काहीही सेव्ह न करता बॅक फाइलची प्रत काढून तिचं एक्स्टेन्शन डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या नेहमीच्या फाइलचं) करावं.

वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला तर गोष्ट वेगळी. ऑटोकॅड मुळात दर दहा मिनिटांनी एसव्ही-डॉलर नावाची फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं. प्रोग्रॅम नीट बंद केला की ती पुसली जाते, कोसळला तर राहते. पुन्हा सुरू केल्यावर डावीकडे रिकव्हरीची यादी येते, ती घाईने बंद करू नका. फाइल उघडत असेल पण विचित्र वागत असेल तर ‘ऑडिट’, उघडतच नसेल तर ‘रिकव्हर’. दोन्ही चाललं नाही तर कोऱ्या फाइलमध्ये ती इन्सर्ट करून बघा. कशीबशी उघडली तर डीएक्सएफ म्हणून सेव्ह करून पुन्हा उघडा. १९८२ मध्ये ऑटोकॅडसोबतच आलेला हा फॉरमॅट इतर प्रोग्रॅमनाही वाचता येतो. हे सगळं करायचं ते मूळ फाइलच्या प्रतीवर.

शेवटचं, ‘फाइल उघडत नाही’ म्हणजे ती खराब झाली असंही नाही, ती तुमच्या आवृत्तीपेक्षा नवी असू शकते. डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीची सहा अक्षरं वाचता येतात. एसी१०३२ असेल तर फॉरमॅट २०१८ चा, एसी१०२७ असेल तर २०१३ चा, एसी१०२४ असेल तर २०१० चा. बाकीची गिचमिड न बदलता नोटपॅड बंद करा आणि पाठवणाऱ्याला जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून मागा. रेव्हिटला ही सोय नाही, त्यामुळे तिथे काम सुरू करण्याआधीच आवृत्ती ठरवून घ्यावी.

पुढच्या पुरवणीत त्या चौकटीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा कमी असेल तर निदान कोऱ्या फाइलची तपासणी आणि बॅक फाइलबद्दलचा मजकूर तरी घ्यावा.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक ड्राफ्ट्सवुमन