तेलाच्या बरणीत एक चमचा ठेवा

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

पोळ्याच्या तळणाचं तेल अजून गंजात, म्हणजे पातेल्यात, असेल. ते डब्यात परत ओतू नका, त्यानं डब्यातलं चांगलं तेलही लवकर खवट होतं. गाळून झाकून ठेवा, दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळण मात्र नको. काळपट, चिकट झालं असेल किंवा तापताच धूर सोडत असेल तर सरळ टाकून द्या.

घरचं जेवण बदला असं मी म्हणत नाही. भाकर, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे उत्तमच आहे. पण तेल डब्यातून थेट कढईत जातं आणि मीठ चिमटीच्या अंदाजानं पडतं, खोट तिथं आहे.

तुम्हा चौघांना महिन्याला 2 लिटर तेल पुरे. म्हणजे दिवसाला चहाचे 13 चमचे, चमचा 5 मिलीचा: पोह्यांना 3, वरणाला 2, दोन्ही वेळच्या भाज्यांना चार-चार. पहिल्या तारखेला 2 लिटर बरणीत काढा आणि डबा माळ्यावर ठेवून द्या. डबा हाताशी असला की मोजायची सवय आठ दिवसांत सुटते.

आई, 4 चमच्यांत वांग्याची भाजी होते, फक्त रीत बदलावी लागते. शेंगदाणे, तीळ, खोबरं कोरडंच भाजून वाट. फोडणीत कांदा-लसूण परतलं की गॅस बंद करून तिखट टाक. तिखटाचा रंग तेलातच उतरतो आणि कोमट तेलात ते जळत नाही, म्हणून तर्री थोडक्या तेलातही लाल दिसते. पुन्हा गॅस लावून वाटण टाक. कमी तेलात ते बुडाला धरतं. धरू लागलं की दोन चमचे गरम पाणी घाल, तेल नाही. मग वांगी घालून वर पाण्याची ताटली ठेव, वाफेवर शिजू दे. सांबार (कोथिंबीर) शेवटी.

मिठाची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅम. चौघांचं आठवड्याचं 140 ग्रॅम होतं. त्यातलं 120 ग्रॅमच बरणीत काढा, उरलेलं लोणचं, पापड आणि ठेच्यातून पोटात जातंच. भाकरीच्या पिठात मीठ नको. एकदम कमी केलं तर जेवण अळणी लागून सगळे वरून मीठ घेतील, म्हणून दर आठवड्याला थोडं थोडं उतरवत 120 ग्रॅमवर या. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. अंबाडी, चिंच, लिंबू यांच्या आंबटपणानं कमी मीठ जाणवत नाही; अंबाडी तर आता वावरात आहेच.

बाबा, मीठ पूर्ण बंद करू नका. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर सोडियम फार उतरून चक्कर येऊ शकते. कमी सोडियमचं मीठ म्हणून विकतात त्यात पोटॅशियम असतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. आणि साखरेची गोळी घेऊन रात्रीचं जेवण टाळणं धोक्याचं आहे. ज्वारीची भाकरही मोजूनच खावी, तिच्यानंही साखर वाढते. भूक राहिली तर वरण जास्त घ्या.

वरण मात्र पातळ नको. चौघांना एका वेळेला कच्ची तूरडाळ 120 ग्रॅम लागते, तेव्हा माणशी साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. पाहुणे आले की आपण पाणी वाढवतो, त्याऐवजी मूठभर डाळ वाढवा.

वहिनीला सांगा, भाकर फुटते ती पीठ जुनं झाल्यामुळे. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, तो गरम पाण्यानं आणावा लागतो. आठवड्यापुरतंच दळून आणा. एक वाटी पिठाला सुमारे पाऊण वाटी कढत पाणी ओतून पाच मिनिटं झाका, मग तळहातानं मळा. बाबांच्या दातांना भाकर जड जाते, त्यांना ज्वारीच्या कण्या ताकात द्या. जवस भाजून थोडेच कुटा. कुटलेले लवकर खवट होतात आणि अख्खे खाल्ले तर न पचता तसेच बाहेर पडतात.

तेलाची बरणी किती तारखेला रिकामी झाली ते फोनवर सांगा. पहिल्या महिन्यात 20 तारखेलाच संपली तरी चालेल, पुढच्या महिन्यात 24 पर्यंत नेऊ.

तुमची लेक