निदानाचे पैसे घेतले, निदान केलेच नाही: इंजिनच्या मिसिंग व गरम होण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: क्लासिक गाडीच्या सदोष दुरुस्तीबाबत व निदान शुल्क परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझी चार सिलेंडरची, कार्बुरेटर आणि पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) चालणारी जुनी गाडी मी आपल्या वर्कशॉपमध्ये दोन तक्रारींसाठी दिली होती. इंजिन मिसिंग करत होते, म्हणजे मधूनमधून अडखळत होते, आणि गरम होत होते. आपल्या बिलाची पहिलीच ओळ ‘इंजिन निदान’ अशी आहे. तिच्याखाली प्लग, पॉइंट, कॉईल, वॉटर पंप आणि रेडिएटरचा नवा कोअर (आतली जाळी). इतके बदलूनही गाडी गरम होतच राहिली, शिवाय मिसिंगचा एक नवा प्रकार सुरू झाला. माझा मुख्य आक्षेप त्या पहिल्या ओळीवर आहे.

गाडी देताना मी सांगितलेली लक्षणे आपल्याच जॉबकार्डवर लिहिलेली आहेत. गर्दीत, जागेवर चालू असताना तापमानाचा काटा स्थिर. मोकळ्या सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावू लागली की काटा चढतो, आणि पाय हलका असतानाच मिसिंग होते. एक्सलेटर दाबून चढ चढताना मात्र इंजिन सरळ चालते. पंखा किंवा हवेचा दोष असता तर गाडी उभी असताना तापली असती. रेडिएटर चोंदलेला असता तर चढावर आधी बोंब झाली असती. म्हणजे कोअर बदलण्याआधीच उत्तर अर्धे हातात होते, पण जॉबकार्ड कुणी वाचलेले दिसत नाही.

अखेर बाहेरच्या एका मिस्त्रींना गाडी दाखवली. हलक्या पायाने चालवताना इंजिनच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणारा डबा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अॅडव्हान्स, त्याची नळी काढून त्यांनी तोंडाने ओढून पाहिली. हवा सरळ आत येत होती, त्यातला डायफ्रॅम (पडदा) फाटलेला होता. मग ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावून रेस वाढवली. नळी जोडली काय, काढली काय, टायमिंगची खूण तेवढीच सरकत होती. हलक्या पायाने चालवताना ठिणगी लवकर पडायला हवी, ती उशिरा पडत होती. इंधन उशिरा जळले की त्याची ताकद पिस्टन ढकलण्यात कमी आणि उष्णता हेडकडे, एक्झॉस्टकडे व तिथून पाण्यात जास्त जाते. त्यात फाटक्या डायफ्रॅममधून जास्तीची हवा आत येऊन मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होते, म्हणून मिसिंग. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते आणि ते सापडायला चहा थंड व्हायचाही वेळ लागला नाही. डायफ्रॅमचा डबा बदलल्यावर सपाट रस्त्यावर काटा चढणे थांबले.

आता आपण बसवलेल्या कॉईलबद्दल. माझ्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलचा करंट कमी करणारा वेगळा रोध) नाही, त्यामुळे तिला सुमारे ३ ओहमची कॉईल लागते. आपण बसवलेली १.५ ओहमची, म्हणजे बॅलास्टसोबत वापरायची निघाली. १२ व्होल्टवर जिथे ४ अँपिअरच्या आसपास करंट जायचा तिथे ८ जातो. परिणामी कॉईल हात लावू नये इतकी तापायची, गाडी बंद पडायची, थंड झाली की पुन्हा चालू व्हायची. नवे पॉइंटही काळे पडले. मी हे कळवले तेव्हा आपल्या सुपरवायझरनी ‘व्हेपर लॉक आहे (उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो), इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवून घ्या’ असे सुचवले आणि वर ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ असेही ऐकवले. गाडी जुनी आहे हे मला ठाऊक आहे. कॉईलवर मल्टिमीटर लावायला त्याची काय आडकाठी होती?

आणखी एक: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) न विचारता काढून टाकला आहे. असे केल्याने इंजिन कामाच्या तापमानाला यायला उशीर लागतो आणि थंड इंजिनाची झीज वाढते, हे आपल्याला सांगावे लागू नये. शंका होती तर गरम पाण्यात बुडवून तो उघडतो का हे पाहता आले असते.

काढलेले प्लग फेकून दिले असे मला सांगण्यात आले. चारही प्लगांचे पांढरे पडलेले चिनी मातीचे टोक पाहूनच पातळ मिश्रणाचा संशय यायला हवा होता. पुरावाच गेला. तांब्या-पितळेचा मूळ कोअर तरी भंगारात गेला नसेल अशी आशा आहे. तो मला परत हवा आहे.

तरी कृपया पुढील गोष्टी कराव्यात. निदान शुल्क, तसेच गरज नसताना बदललेला कोअर व वॉटर पंप यांची रक्कम मजुरीसह परत करावी. चुकीच्या कॉईलमुळे खराब झालेले पॉइंट आणि योग्य कॉईल विनामूल्य द्यावी. ते मी माझ्या मिस्त्रींकडून बसवून घेईन. थर्मोस्टॅट परत करावा. कम्प्रेशन, टायमिंग, कॉईलचा रोध यांपैकी ज्या चाचण्या आपण केल्या असतील त्यांची मोजमापे लेखी द्यावीत. केल्या नसतील तर तसे लेखी द्यावे.

उत्तर पत्राने किंवा ईमेलने द्यावे. फोनवर या विषयावर पुरेसे बोलून झाले आहे.

आपला,
(ग्राहक)

सोबत: बिल व जॉबकार्डची प्रत, काळ्या पडलेल्या पॉइंटचे व कॉईलवरील मल्टिमीटर रीडिंगचे फोटो.