शंभर मीटरची फूटपट्टी

संपादक महोदय,

२०२५ मध्ये १२ मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला प्रतापगडही आहे. पेढे वाटले, छान झाले. पण जुन्या वास्तू ज्या कायद्यावर उभ्या आहेत तो केंद्राचा प्राचीन स्मारके कायदा १९५८ चा. २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी व पुढचे २०० मीटर नियंत्रित (म्हणजे परवानगीनेच बांधकाम), असा नियम कायद्यातच आला. ताजमहाल असो की रस्त्याकडेचा कोस मिनार (अंतर दाखवणारा जुना मनोरा), फूटपट्टी एकच! प्रत्येक स्मारकासाठी वेगळी उपविधी (त्या जागेपुरती नियमावली) करायची तरतूदही त्याच दुरुस्तीत आहे. ते काम मात्र गोगलगायीच्या चालीने सुरू आहे. दरम्यान स्मारकाजवळच्या घराचे गळके छप्पर दुरुस्त करायलाही परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, मग लोक स्मारकाकडे शत्रू म्हणूनच पाहणार.

प्रतापगड तर केंद्राच्या नव्हे, राज्य पुरातत्त्व विभागाच्या यादीत. म्हणजे दोन याद्या, दोन कार्यालये. आणि लिंबची बारा मोटांची विहीर, वाईचे घाट, पेठांतले पडके वाडे? नोंदच नसेल तर वाडा पाडला काय नि राखला काय, विचारणार कोण?

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१३ मध्ये केंद्राची ९२ स्मारके जागेवर सापडत नसल्याचे नोंदवले होते. सर्वांत आधी प्रत्येक वास्तूचा नकाशा, छायाचित्रे आणि सद्यःस्थिती तलाठी कार्यालयात पाहता येईल अशी एकच नोंदवही करा. वाडेमालकाला दुरुस्तीसाठी घरपट्टीत सूट द्या.

– एक वाचक, सातारा