मस्कतहून, आई-बाबांना

ती. आई बाबा,
सा. न.

परवा आई फोनवर सहज बोलून गेली की मामाच्या पोरीच्या लग्नात काकू सगळ्यांसमोर म्हणाली, पोरीला एकटीला मुसलमानी देशात कसं काय ठेवलंय तुम्ही, आणि बाबा नुसते गप्प बसले. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. फोनवर बोलीन म्हणते तर जेवलीस का, बीपीची गोळी घेतली का, यातच वेळ जातो. त्यात इथं व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, दुसऱ्या ॲपवर लागला तर अर्धं ऐकूच येत नाही. आणि आम्ही तुमच्या दीड तास मागं, माझी ड्युटी सात वाजता सुटते तेव्हा तुमच्याकडं साडेआठ झालेले असतात आणि बाबांचे डोळे मिटायला लागलेले असतात. म्हणून आज बसून लिहितेय. शुक्रवार आहे आणि माझी सुट्टी पण आज पडलीय. दुपारचा नमाज होईपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आपल्याकडं गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पेठेत असतं ना तसं.

आधी रोजचं सांगते. उन्हाळा सुरू झालाय, पंचेचाळीसच्या वर जातं. टाकी गच्चीवर, त्यामुळं थंड नळाला हात लावला तर भाजतो, म्हणून इथं सगळे उन्हाळ्यात गिझर बंद करून ठेवतात, आत साठलेलं पाणी घरात राहून गार होतं आणि आंघोळ त्या पाण्यानं करायची. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं, शेजारच्या मल्याळी सिस्टरनं दाखवलं. मस्कतच्या रुवी भागात राहते, खाली उतरलं की सगळं मिळतं, कढीपत्ता, पोहे, ज्वारीचं पीठसुद्धा. भाकरी आता बरी येते, आईसारखी नाही पण फुगते. कपड्यांचं म्हणशील आई, तर डोक्यावर ओढणी घ्यायची सक्ती नाही आमच्यावर, मी आपली अंगभर पंजाबी ड्रेस घालते तेवढं पुरतं. मोठी मशीद बघायला गेले तेव्हा मात्र डोकं नीट झाकून गेले. देवळं दोन आहेत, दारसैतला कृष्णाचं आणि जुन्या मस्कतमध्ये महादेवाचं, तेही सुलतानाच्या राजवाड्यापासून जवळच. महाशिवरात्रीला एवढी गर्दी होती की पाय ठेवायला जागा नाही. हे काकूला आवर्जून सांग.

आणि आई, तू घाबरतेस याचंच मला जास्त नवल वाटतं, कारण तुझं माहेर कडेगाव. मोहरमला एवढे उंच ताबूत निघायचे आणि आजोबा तुला खांद्यावर घेऊन ताबुतांच्या भेटी बघायला उभे राहायचे हे तूच सांगितलंयस मला दहा वेळा. मी मिरजेत नर्सिंग केलं, होस्टेलला पहाटेच्या अजानीनंच जाग यायची. बाबा, तुम्ही मला उरुसाला मीरासाहेबांच्या दर्ग्यात न्यायचात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं तिथं गाणं चालतं म्हणून, आणि मी तुमच्या मांडीवर झोपून जायची. मग इथं अजान ऐकली की मला परकं का वाटेल? मला मिरज आठवते, खरंच सांगते.

वॉर्डमधलं सांगायचं तर सगळ्यात अवघड रमजान, आणि सगळ्यात जवळची माणसं मला मिळाली तीही रमजानमध्येच. आजारी माणसाला रोजातून सूट असते पण म्हाताऱ्या बायका ऐकत नाहीत, आपल्या आत्याच्या एकादशीसारखंच, शुगर तीनशे असली तरी धरणारच. मग डॉक्टर इन्सुलिनच्या वेळा इफ्तार आणि पहाटेच्या जेवणाप्रमाणं बदलून देतात आणि आम्ही मधे मधे बोट टोचून शुगर बघत राहायचं. आमच्यातल्या ओमानी पोरी स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब न घेता बारा तास पायावर असतात. मी स्टाफ रूमचं दार लावून डबा खाते, त्यांच्यासमोर नाही. रोज्याच्या वेळेत चारचौघांत खायचं नाही असा कायदा तर आहेच, पण मलाच घास उतरत नाही. संध्याकाळी अजान झाली की मी म्हणते तुम्ही जा, वॉर्ड मी बघते, आणि दहा मिनिटांनी कुणीतरी खजूर आणि ताक माझ्यासाठी घेऊन येतं. ताकाला हे लबन म्हणतात. दिवाळीला त्यातल्या दोघींनी स्वतःहून माझी नाइट घेतली. मी मागितली नव्हती.

भाषा बरीच जमायला लागलीय. कुठं दुखतंय, हळू हळू, श्वास घ्या, एवढं येतं. बाबा, एक तुमच्यासाठी. गेल्या महिन्यात घरमालकानं भाड्याची पावती अरबीत दिली, मी एकेक अक्षर लावत वाचत होते आणि रकमेच्या ओळीत शब्द सापडला, फ, क, त. फकत. विचारलं तर म्हणाले रकमेत पुढं कुणी काही वाढवू नये म्हणून लिहितात. तुम्ही मार्केट यार्डात अडत दुकानात तीस वर्षं शेतकऱ्याच्या हिशोबाच्या पट्टीवर अक्षरी रुपये अमुक अमुक फक्त असं लिहिलंत आणि मी हळदीच्या पोत्यावर बसून बघायची. मला तो मराठीच शब्द वाटायचा. पावती हातात धरून मी रस्त्यातच उभी राहिले थोडा वेळ. हिशोब, तारीख, दुकान, साबण, सगळे इथं आहेत, जरा वेगळ्या उच्चाराचे.

एक पेशंट होती, सत्तरीची आजी, कमरेचं ऑपरेशन झालेलं. मी भारतातली कळल्यावर पैशाची खूण करून रुबिया रुबिया म्हणायला लागली. तिच्या मुलीनं सांगितलं की तिच्या लहानपणी इथं रुपयाच चालायचा. १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळा रुपया काढला होता आणि ओमानमध्ये तो १९७० पर्यंत होता. आजी हातावर हळद चोळल्यासारखं करून दाखवायची आणि म्हणायची हिंद. घरचे थर्मास भरून कॉफी आणायचे, बिनकानाच्या बारक्या कपात. नको असेल तर कप जरासा हलवून परत द्यायचा, नाहीतर ओततच राहतात. घरी जाताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला.

सगळंच गोड आहे असं नाही. पहिले सहा महिने मी रोज रडायची, तुम्हाला कळू दिलं नाही. एजंटनं सांगितलेला पगार आणि हातात आलेला पगार यात फरक निघाला, तो मिटायला वर्ष गेलं. ताप आला की पाणी द्यायला कुणी नसतं. आईचा मोतीबिंदू झाला तेव्हा मी दुसऱ्यांच्या आयांना ड्रॉप घालत होते, ते अजून मनाला लागतं.

आता मुद्द्याचं. मी काँट्रॅक्ट अजून दोन वर्षं वाढवलंय. विचारून नाही केलं, माफ करा, पण घराचं कर्ज तेवढ्यात फिटतं आणि मला हे काम आवडतं. तुम्ही दोघं जानेवारीत महिनाभर या. हवा तेव्हा छान असते. मुंबईहून विमान तीन तासांत येतं, सांगलीहून मुंबईला जायलाच रात्र जाते. बाबा गुडघ्याचं कारण सांगू नका, व्हीलचेअर मिळते, मी सगळं बुक करते. येताना भडंग आणि घरची अर्धा किलो हळद आणा, आजीच्या मुलीला द्यायचीय.

आणि माझी एक काळजी. जुलै आला की मी रोज मोबाइलवर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघत असते. २०१९ च्या पुरात आपण तिघं वरच्या मजल्यावर होतो, आता मी नाही आणि जिना तुम्हाला झेपत नाही. पाणी ३५ फुटांवर गेलं की बॅग घेऊन विश्रामबागला मामाकडं जायचं. ४० चा इशारा येईपर्यंत थांबायचं नाही आणि शेजारचे काय करतात ते बघत बसायचं नाही. मामाशी मी बोललेय, तो गाडी घेऊन येईल. कागदपत्रांची पिशवी आणि बाबांचा पासपोर्ट आत्ताच वरच्या कपाटात ठेवा.

तुमची,
मनू